दार लावून ओवाळू का?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावच्या चॅनलचे मालक माननीय पंकजसेठ, प्रमुख पाहुणे आणि आमच्या लोधीपुरा वॉर्डाचे पार्षद माननीय ललितभाऊ, भोपाळच्या मोठ्या चॅनलमध्ये निघालेले सत्कारमूर्ती प्रशांत, वाचनालयाचे सर्व पदाधिकारी, समोर बसलेल्या माझ्या बहिणी, खुर्च्या न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले बंधू, आणि मधोमध लावलेला हा कॅमेरा, सर्वांना माझा नमस्कार.

कॅमेऱ्याला नमस्कार केला म्हणून काही जण हसले. हसा. त्याच्याशिवाय आता कुठलाच कार्यक्रम होत नाही, म्हणून त्याचाही मान ठेवला.

माझं नाव चंद्रभागा महाजन. माहेर दापोरा, सासर लोधीपुरा. शाळा चौथीपर्यंत. पुढे जे काही आलं ते सिंधीपुऱ्यातल्या या वाचनालयातून आलं. इथलं मराठीचं कपाट संपलं तेव्हा हिंदीचं उघडलं. त्यामुळे बोलताना मध्येच हिंदी आली तर तो दोष या दोन कपाटांमध्ये वाटून टाका.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख 'वाचनालयाच्या सर्वात जुन्या वाचक' अशी करून दिली. चांगली आहे ओळख. पण इथल्या बऱ्याच लोकांना मी दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक आहे. मघाशी मी पायऱ्या चढत होते तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अरे, ये वो ही है ना, आरतीवाली?" गुडघे गेले आहेत माझे, कान शाबूत आहेत.

तर हो, मी तीच. आरती नव्हती ती, औक्षण होतं. पण त्यावर पुढे येते.

निरोपाच्या भाषणात जाणाऱ्याचं कौतुक करायचं असतं. तेही करणार आहे. त्याआधी एक सांगून टाकते, म्हणजे अध्यक्षांना शेवटी धक्का बसायला नको. मला आज पंकजसेठकडे एक मागणं मागायचं आहे. माझा तो व्हिडिओ तुमच्या चॅनलवर अजून आहे. तो अर्धा आहे. त्याच्या जागी पूर्ण लावावा, आणि नगरनिगमच्या निवडणुकीचे फॉर्म भरायला सुरुवात होण्याआधी लावावा. बस, इतकंच. आता ते का, हे सांगायला जेवढा वेळ लागेल तेवढा द्या.

आधी कौतुक. दापोऱ्यात वादळानं केळीच्या बागा झोपल्या त्या साली हा प्रशांत चिखलात उभा राहून बोलत होता. माझ्या भावाच्या बागेत. भाऊ रडत होता, आणि यानं कॅमेरा भावाच्या तोंडावरून काढून पडलेल्या खोडांवर धरला. म्हणाला, "काका, तुम्ही डोळे पुसा, मग बोलू." दोन दिवसांनी साहेब लोक पंचनाम्याला आले. ते या बातमीमुळे आले, हे मला माहीत आहे. त्या बातमीत कोणाचा अपमान नव्हता, म्हणून ती बहुतेकांना आठवत नसेल. मला आठवते. प्रशांतला कसं वागायचं ते माहीत आहे, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. म्हणून पुढचं जास्त कळत नाही.

आता आमच्या गल्लीची रीत. नव्या लोकांना ती माहीत नसेल.

लोधीपुऱ्यात आमच्या गल्लीतून कोणीही निवडणुकीला उभं राहिलं की फॉर्म भरायला निघण्याआधी ते समोरच्या उमेदवाराच्या घरी जायचं. स्वतःच्या घरून निघायचं नाही, विरोधकाच्या घरून निघायचं. तिथली बाई त्याला पाटावर बसवणार, टिळा लावणार, ओवाळणार, हातावर रव्या-तुपाचा गोड दराबा ठेवणार आणि म्हणणार, "निवडून या." मग तिचा नवरा त्याच्या घरी जाणार आणि तिकडची बाई हेच करणार. दोघंही एकमेकांच्या घरचा टिळा लावून एकाच कचेरीत जाणार.

ही रीत कोणी काढली? माझ्या सासूबाईंनी, सोजरबाईंनी. सासरे उभे होते आणि समोर त्यांचा मावसभाऊ होता. सासूबाईंनी मावसदिराला बोलावून ओवाळलं. सासरे म्हणाले, "तू कोणाच्या बाजूची?" त्या म्हणाल्या, "मी नळाच्या बाजूची. निवडणूक झाली की उद्या पाणी भरायला नळावर हीच माणसं आहेत." एवढंच तत्त्वज्ञान होतं. पुढे ते गल्लीला लागू झालं.

गेल्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून दोघं उभे होते. एक हे, जे आज प्रमुख पाहुणे आहेत, ललितभाऊ. दुसरे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नव्हती. पण चॅनलनं ते इतक्यांदा घेतलं की आता मी एकदा घेतलं तर काय बिघडणार आहे? मोतीराम. मोतीराम महाजन.

दोघंही केळीच्या गाड्या भरून दिल्लीला पाठवायचे. एकाच काट्यावर वजन करायचे. एकमेकांना भाऊ म्हणायचे. दोघांचे पक्ष वेगळे होते, पण सकाळचा चहा एकाच टपरीवर. हे मी सांगते आहे तेव्हा ललितभाऊ मान हलवत आहेत, म्हणजे मी खोटं बोलत नाही.

त्या सकाळी ललितभाऊ आमच्या घरी आले. आदल्या दिवशी आमच्या यांनीच प्रशांतला फोन केला होता. "ये रे बाबा कॅमेरा घेऊन. आमच्या गल्लीची रीत आहे, गावाला दिसू दे." आमच्याच माणसानं बोलावलं. ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. ज्याला वाटतं की घरात चाललेलं चांगलं आहे, तोच कॅमेऱ्याला घरात बोलावतो.

मी ओवाळलं. टिळा लावला. अक्षता टाकल्या. रीतीप्रमाणे म्हणाले, "निवडून या, भाऊजी."

मागून हे म्हणाले, "अगं, आणि मी?"

मी म्हणाले, "तुमचं मला काय विचारता? तुमचं तिकडे भाऊजींच्या घरी वैजयंतीवहिनींना विचारा, त्या ओवाळणार आहेत तुम्हाला."

सगळे हसले. ललितभाऊ इतके हसले की दराब्याचा रवा त्यांच्या कुर्त्यावर सांडला. यांनी तो झटकला. मग मी तबक ठेवायला आत गेले.

झालं ते एवढंच.

संध्याकाळी चॅनल लावला. मी तबक घेऊन उभी. टिळा लावते. म्हणते, "निवडून या, भाऊजी." तिथेच थांबलं. परत पहिल्यापासून. परत. वर लाल पट्टी, "घर में ही हारे मोतीराम". खाली, "पत्नी ने दिया विरोधी को जीत का आशीर्वाद". आणि दर वेळी माझं वाक्य संपलं की काच फुटल्याचा आवाज. तो काचेचा आवाज कुठून आणतात, मला अजून कळलेलं नाही. आमच्या घरात त्या दिवशी काही फुटलं नव्हतं.

हे सुरुवातीला हसले. म्हणाले, "उद्या पुढचं दाखवतील." दुसऱ्या दिवशी बसून राहिले. पुढचं दाखवलं नाही.

मी वाचणारी बाई आहे. एक फरक मला तेव्हा कळला. पुस्तकातलं पान कोणी फाडलं तर फाटका काठ दिसतो. पुढचा आकडा चुकतो. आपण वाचनालयात येऊन भांडतो की पान कुठे गेलं. व्हिडिओला काठ नसतो. जिथे कापलं तिथे तो संपल्यासारखा दिसतो. मग पाहणाऱ्याला कसं कळावं की पुढे काहीतरी होतं? गावानं विचारलं नाही. गावाचा तरी काय दोष? कोणाला शंका यायला जागाच नव्हती.

पुढचं सांगितलं तर गाव ऐकेल, असा एकच माणूस होता. तो माणूस त्या खोलीत होता.

ललितभाऊ, तुम्ही त्या दिवशी दराबा खाल्ला होता. मी एवढंच म्हणते, जास्त काही म्हणत नाही.

पुढे जे झालं ते दोन्हीकडून झालं, आणि मी एका बाजूचं सांगून दुसऱ्या बाजूचं गाळलं तर मग माझ्यात आणि त्या क्लिपमध्ये फरक राहणार नाही. ललितभाऊंच्या पक्षाची पोरं ती क्लिप रिक्षावर लावून आमच्याच दारावरून फिरवायची. मग यांच्या पक्षाचे लोक आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "भाभीजी से एक वीडियो बनवा लो. बोलेंगी कि ललित जबरदस्ती घर में घुसा था."

हे म्हणाले, "ती असं बोलणार नाही."

"तो फिर आप बोल दो."

"मीही बोलणार नाही. मीच त्याला पाटावर बसवलं."

ते उठून गेले. जाताना एक जण म्हणाला, "काका, तुमच्यासारख्यांनी भजनं करावीत." दोन दिवसांनी त्यांनीच वैजयंतीवहिनींबद्दल एक गोष्ट फोनवर फिरवली. ती काय होती ते मी इथे बोलणार नाही. तुम्ही वाचली असेल. सगळ्यांनी वाचली होती. चॅनलनं त्यावर कार्यक्रम केला. पट्टीवर लिहिलं होतं, 'क्या है सच्चाई?' प्रश्नचिन्ह लावलं की काहीही विचारता येतं, असा कायदा असावा.

हे दुसऱ्या सकाळी ललितभाऊंच्या दारात गेले. "माझ्या लोकांनी केलं, पण मी सांगितलं नव्हतं," एवढं सांगायला. वैजयंतीवहिनींनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, "भाऊजी, नंतर या. तुमच्या मागे कॅमेरा असेल."

नव्हता. पण त्यांची काही चूक नव्हती. असू शकला असता.

हे परत आले, चपला काढल्या, म्हणाले, "नंतर या म्हणाल्या." ते 'नंतर' काही झालं नाही.

मग चौकातला कार्यक्रम. सगळे उमेदवार एका स्टेजवर, समोर लोक, मध्ये माईक घेऊन प्रशांत. मी पहिल्या रांगेत बसले होते. रस्ते, नाले, पाणी, सगळं दोन मिनिटांत झालं. मग प्रशांतनं यांना विचारलं, "मोतीरामजी, घर तो संभला नहीं, वार्ड कैसे संभालेंगे?"

लोक हसले. शिट्ट्या झाल्या. मी यांच्याकडे पाहत होते. यांनी ललितभाऊंकडे पाहिलं. म्हणजे रागानं नाही. आता तू सांग, असं पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. व्हिडिओ अर्धा आहे. तीन शब्द. ललितभाऊ स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

हे काही बोलले नाहीत. रात्री चॅनलवर पट्टी होती, "मोतीराम की बोलती बंद".

खरंच बंद झाली. खोटी बातमी नव्हती ती. निवडणूक हरले, ते ठीक होतं, सासरेही हरले होते. पण हे गाड्या भरायचे, घरी यायचे, जेवायचे. मी पुस्तकातलं काही वाचून दाखवलं तर ऐकायचे. मध्येच कधीतरी विचारायचे, "पुढचं का नसेल दाखवलं?" मी म्हणायचे, "वेळ नसेल." ते म्हणायचे, "हो, वेळ नसेल."

पुढच्या वर्षी गेले. डॉक्टरांनी हृदय आणि साखर सांगितली. मी ते मानते. मी आज इथे कोणावर त्यांच्या मरणाचा आळ घ्यायला आलेले नाही. कोणी तसं छापलं किंवा दाखवलं तर तेही अर्धंच होईल.

पण एक सांगायला हवं. त्यांच्या जाण्याची बातमी चॅनलनं दिली. चांगले शब्द वापरले होते, 'मिलनसार', 'समाजसेवी'. पण बातमी वाचली जात असताना मागे चित्र कुठलं होतं? तेच. मी, कपाळभर कुंकू, हातात तबक, ललितभाऊंना ओवाळते आहे. यांचा दुसरा व्हिडिओ त्यांच्याकडे नव्हता. हे त्यात कोपऱ्यात दिसत होते, अर्धे. घरात बायका माझं कुंकू पुसत होत्या आणि टीव्हीवर मी ते लावून उभी होते. सुनेनं टीव्ही बंद केला.

त्यानंतर मला कोणी ओवाळायला बोलावत नाही. तो रिवाज आहे, माझी तक्रार नाही. बाहेरच्या माणसाला मी ओवाळलं ते शेवटचं. आणि तेच जपून ठेवलं गेलं आहे, काच फुटल्याच्या आवाजासह. कोणीही नाव टाकावं आणि पाहावं.

मग तुम्ही म्हणाल, ही बाई या माणसाच्या निरोपाला आली तरी कशी?

गेल्या आठवड्यात प्रशांत माझ्या घरी आला. हातात पत्रिका होती या कार्यक्रमाची. मी दारात पाहिलं, म्हणाले, "ये." तो चपला काढून आत आला. तेव्हापासून पहिल्यांदाच. त्याच जागी बसला, जिथे तेव्हा पाट मांडला होता. मी चहा ठेवला.

म्हणाला, "काकू, ऑफिसचा जुना कॉम्प्युटर साफ करत होतो, जाण्याआधी." खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला आणि टीपॉयवर ठेवला. "इसमें पूरा है."

मी विचारलं, "काय पूर्ण?"

"त्या दिवशीचं. पुढचं."

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तो म्हणाला, "काकू, कापलं मी नव्हतं. ऊपर से कटा था. लेकिन हेडिंग मैंने दी थी." मग म्हणाला, "वो चौक वाला सवाल भी मेरा था."

मी म्हणाले, "चहा गार होतोय."

तो गेल्यावर सुनेनं पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. मी सांगितलं तसंच सगळं आहे त्यात. "अगं, आणि मी?" आहे. हसणं आहे. रवा सांडतो ते आहे. माझी आठवण खरी होती, हे कळून बरं वाटायला हवं होतं. मी नुसती पाहत बसले.

पण मी आत गेल्यानंतरचं मला माहीत नव्हतं. कॅमेरा चालूच होता. हे प्रशांतजवळ येतात. खांद्यावर हात ठेवतात. म्हणतात, "प्रशांत, दाखवशील ना रे? पण दाखवशील तर शेवटपर्यंत दाखव. अर्धं दाखवलंस तर लोकांना वाटेल, महाजनांच्या घरात भांडण आहे."

प्रशांतचा आवाज येतो, "हाँ काका, पूरा चलाएंगे."

मग कॅमेरा खाली होतो. फरशी दिसते, चपला दिसतात, आणि वरून यांचा आवाज, "अरे, दराबा तर खाऊन जा. थांब. अगं, या पोराला दराबा दिला का? अगं?" प्रशांत म्हणतो, "काका, अपलोड करायचंय, नंतर खातो." आणि संपतं.

हे हाक मारत होते, आणि मी आत तबक पुसत होते. मला ती हाक ऐकू आली नव्हती. इतक्या वर्षांनी आली.

ही गोष्ट इथे सांगू का, म्हणून मी प्रशांतला फोन करून विचारलं. त्याच्या निरोपात त्याच्यावरच बोलणं बरं दिसत नाही. तो म्हणाला, "काकू, सांगा. पूर्ण सांगा." म्हणून सांगितली. ज्या माणसाला तो पेन ड्राइव्ह गुपचूप तापीत टाकता आला असता, त्यानं तो माझ्या टीपॉयवर आणून ठेवला. हे मी त्याच्या कौतुकात धरते. वादळाच्या बातमीच्या शेजारी.

आता मागणं.

निवडणूक परत आली आहे. ललितभाऊ परत उभे आहेत. समोर आमच्या गल्लीतलीच योगिता उभी आहे, शिकलेली मुलगी, ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. परवा ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, रीतीप्रमाणे ललितकाकांना आमच्या घरी ओवाळायला पाहिजे ना?"

मी म्हणाले, "रीत तर आहे."

"सासूबाई घाबरतात. म्हणतात, मोतीरामकाकांच्या घरचं झालं तसं होईल." मग तिनं विचारलं, "काकू, दार लावून ओवाळू का? फोन सगळ्यांचे बाहेर ठेवून?"

तुम्हीच सांगा, काय सांगावं? दार लावून तर लोक ज्या गोष्टी करतात त्या वेगळ्या असतात. शिवी आता चौकात माईकवरून देतात, लाल पट्टी लावून देतात. आणि शेजारच्या माणसाला टिळा लावायचा तर दाराला कडी घालायची? हे उलटं कधी झालं? मी चॅनलला एकट्याला दोष देत नाही. पक्षांनी शिव्या पुरवल्या, आपण त्या पाहिल्या, पुढे पाठवल्या. पण बारा महिने शेजारी राहणाऱ्या माणसांमधलं काय दाखवायचं आणि काय गाळायचं, हे ज्यांच्या हातात असतं त्यांच्यावर थोडं जास्त येतंच. तुमच्या कात्रीनं हसणं तेवढं कापलं, पंकजसेठ. बाकी सगळं ठेवलं.

माफी मला नको. ती कोणाकडे मागायची होती ते राहिले नाहीत. पूर्ण व्हिडिओ लावा. पट्टी नको, आवाज नको. प्रशांत रविवारी जातो आहे. तोपर्यंत तो तुमच्याच नोकरीत आहे आणि त्याला ते लावता येतं. पेन ड्राइव्ह माझ्या पिशवीत आहे. मी तो खाली उतरताना तुमच्या हातात देणार आहे. अध्यक्ष मान हलवत आहेत. हो म्हणून की आता पुरे म्हणून, ते मला इथून नीट दिसत नाही. मी हो धरते.

लावलात तर योगिताच्या सासूला दार उघडं ठेवता येईल. ललितभाऊ, तुम्ही जाल ना तिच्याकडे? आणि वैजयंतीवहिनी, तुम्ही समोर आहात, मला दिसता आहात. योगिता तुमच्या दारात आली तर तिला नंतर ये म्हणू नका. तिच्या मागे कॅमेरा असला तरी म्हणू नका.

ललितभाऊ उठले आहेत. बसा ना, भाऊजी, माझं संपत आलं आहे. नाही? बोलायचं आहे? बरं, या, माईक घ्या.

ऐकलंत सगळ्यांनी? मागे ऐकू गेलं नसेल तर मी परत सांगते. ते म्हणाले, "व्हिडिओ अर्धा होता. मी तिथे होतो." एवढंच म्हणाले आणि जाऊन बसले. ठीक आहे. चौकात म्हणायचं ते इथे म्हणाले. मला आनंद झाला असं म्हणत नाही. पण ऐकलं.

टाळ्या नकोत. थांबा.

प्रशांत, इकडे ये जरा. ही शाल आणि श्रीफळ वाचनालयाकडून आहे, ते पदाधिकारी देतील. हा डबा माझ्याकडून. दराबा आहे, घरी केलेला, तूप चांगलं घातलं आहे. त्या दिवशी ते तुला द्यायला सांगत होते आणि मला ऐकू आलं नव्हतं. आत्ता एक घास खा, इथेच. अपलोड नंतर कर.

खाल्लास? बरं झालं. जा आता, बस जागेवर. भोपाळला नीट राहा. तिथे घरं मोठी असतील, माणसं ओळखीची नसतील, तेव्हा कापायला सोपं जाईल. तेवढं लक्षात ठेव.

मला बोलावल्याबद्दल वाचनालयाची मी आभारी आहे. अध्यक्षांनी मला मध्ये चिठ्ठी पाठवून थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. आपण सगळे इतका वेळ बसून राहिलात, उभे राहिलात, आपलेही आभार. मी शिकलेली वक्ता नाही. बोलण्याच्या ओघात कोणाला लागेल असं काही निघालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या.

आणि कॅमेरावाले दादा, हे 'सांभाळून घ्या'वालं शेवटचं वाक्य प्रत्येक भाषणात असतं आणि दर वेळी पहिलं तेच कापलं जातं. आज तेवढं ठेवा.

नमस्कार.